मान ढिली सोडा

दाढी झाली, तुरटी फिरली, की सलूनमधला कारागीर न विचारताच चंपी सुरू करतो. मग एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे. ‘साहेब, मान ढिली सोडा.’ कट्! एकच बाजू वाजली तर गिऱ्हाईकच कुरकुरतं, ‘अहो, दुसरी राहिली.’ ओटीपी सख्ख्या भावालाही न सांगणारी माणसं इथे मान बिनघोर हवाली करतात.

मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या चार. पुढच्या दोन गळ्याच्या बाजूंनी जातात, बोटाला त्यांचे ठोके लागतात. मागच्या दोघींची वाट मात्र अवघड. मानेच्या मणक्यांना दोन्ही अंगांना भोकं असतात, त्यांतून सुईत दोरा ओवावा तशा त्या सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत चढतात. मान सगळ्यात जास्त फिरते ती तिथे, वरच्या टोकाला, आणि नेमक्या तिथेच वळसा घेऊन कवटीत शिरतात. मेंदूच्या रक्तातला जेमतेम पाचवा हिस्सा त्यांच्याकडे, पण खाती बघा: तोल, गिळणं, श्वास. शिवाय नजरही, कारण डोळे पुढे असले तरी पाहण्याचं काम मेंदूच्या मागच्या टोकाला चालतं.

मान झटक्यात पिरगळली किंवा बराच वेळ मागे टाकून ठेवली, तर क्वचित या धमनीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी धरते आणि मेंदूकडचं रक्त अडतं, म्हणजेच स्ट्रोक. पार्लरच्या बेसिनवर केस धुवून घेताना असं होऊ शकतं, हे अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये मांडलं आणि ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ हे नाव रूढ झालं. २०२२ मध्ये हैदराबादच्या एका पन्नाशीतल्या बाईंचीही अशीच बातमी आली होती. लाखो डोकी रोज धुतली जातात, त्यात हे फारच विरळा. म्हणून पार्लर सोडायचं कारण नाही. मानेखाली टॉवेलची घडी मागितली तर कोणी हसत नाही. मान मोडायला मात्र मी सरळ ‘नको’ म्हणतो. कारागिराचा चेहरा उतरतो, उतरू दे.

आपल्याकडे चक्कर म्हटलं की निदान घरीच होतं: पित्त, नाहीतर मणक्यात गॅप. खरं तर पलंगावर कुशी बदलताना घर गरगरलं, तर बहुतेकदा खोड कानातली असते. पण चक्करसोबत अचानक एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, घोट उतरेना, पाय एकाच बाजूला झोकांड्या देऊ लागले, तर लिंबू सरबत करायला कोणी आत पळू नये. गाडी काढावी.