ट्रेस्कोच्या बागेत आई आणि घायपात

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सहून सिली बेटांतल्या सेंट मेरीजपर्यंतच्या पावणेतीन तासांच्या जहाजप्रवासाबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी सरळ हेलिकॉप्टरचा खर्च सोसावा.

तिथून छोट्या बोटीने ट्रेस्को. कॉर्नवॉलच्या टोकापासून साधारण 45 किलोमीटरवरची ही सिली बेटं, आणि त्यातल्या या बेटावरची अ‍ॅबे गार्डन बघायला आईला हट्टाने आणलं होतं. बागेत एका वळणावर घोळका, सगळ्यांचे मोबाइल वर. आई वाट काढत पुढे गेली आणि तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाली, “अगं, हे तर घायपात! आमच्याकडे गुरं शिरू नयेत म्हणून बांधावर लावतात. ह्याला तिकीट?” शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, काय म्हणाल्या? “त्यांना फार आवडलं,” असं सांगून मी मोकळी झाले.

मेक्सिकोच्या घायपाताशेजारी दक्षिण आफ्रिकेची प्रोटिया, चिलीची पुया, कॅनरी बेटांचे खजूर. माहितीपत्रकं याचं सगळं श्रेय सौम्य हवेला देतात. हिवाळा सौम्य असतो हे खरं, पण ते अर्धंच. वरच्या अंगाला झाडांची रांग जिथे विरळ होते तिथे आम्ही जरा बाहेर डोकावलो, तर वाऱ्याने आईची शाल थेट तोंडावर आणली. दोन पावलं मागे आलो, तर एकियमच्या पुरुषभर उंच निळ्या तुऱ्यांवर मधमाश्या निवांत बसलेल्या, तुरा जेमतेम हलत होता. मी तीन-चारदा आतबाहेर केलं. आईला वाटलं, काहीतरी पडलं माझं.

ही बेटं भाडेपट्ट्याने घेणारा ऑगस्टस स्मिथ 1834 मध्ये इथे आला तेव्हा बेट जवळपास उघडं होतं. त्याने जुन्या मठाच्या पडक्या भिंतींभोवती बाग मांडली आणि वारा अडवायला आधी गॉर्सची काटेरी झुडपं, मग कॅलिफोर्नियाचे सायप्रस आणि पाइन लावले. 1987 च्या जानेवारीत बर्फ आणि गारठ्याने बरीचशी बाग मारली. ती सावरतेय तोवर 1990 च्या वादळाने ही झाडांची भिंतच आडवी केली. पुन्हा हजारो रोपं लावली. एवढं होऊनही जो माळी पुन्हा प्रोटिया लावतो, त्याच्या चिकाटीला हात जोडावेत की डोकं तपासून घ्यायला सांगावं, मला ठरवता येईना.

फुटलेल्या जहाजांच्या नाळेवरचे, म्हणजे पुढच्या टोकावरचे, रंगीत लाकडी पुतळेही इथे मांडलेत. आईला तेच सगळ्यात आवडले. चहा महाग आणि पाणचट.

परतताना कळलं की ओहोटीमुळे बोट सकाळच्या धक्क्यावर येणार नाही, बेटाच्या दक्षिण टोकाला जायचं. बेटावर मोटारी नाहीत ही शांतता सकाळी मला फार आवडली होती. आईचे गुडघे सोबत असताना मात्र एखादी रिक्षा हवीच.