अंबाड्यातला निळा कंगवा

नागपूरच्या थंडीत रात्री अकराला आम्ही चौघं कॉटन मार्केटच्या बंद दुकानांसमोरून फिरत होतो. उघड्यावर झोपणाऱ्यांचा अंदाज काढायचं काम होतं. एका रात्रीत सगळे सापडत नाहीत, म्हणून पहिल्या फेरीत भेटलेल्या 60 जणांना आम्ही एकेक निळा कंगवा दिला होता. आठवड्याने पुन्हा त्याच पट्ट्यात गेलो. या वेळी 50 जण भेटले, आणि "निळा कंगवा मिळाला होता का?" याला 10 जण हो म्हणाले. पाचातल्या एकाकडे कंगवा, म्हणजे एकूण माणसं साठाच्या पाचपट, 300.

डेन्मार्कचे जीवशास्त्रज्ञ पीटरसन यांनी 1896 मध्ये माशांना खुणा करून या रीतीचा पाया घातला. आपले लोकसंख्याशास्त्रज्ञ चंद्रशेखरन यांनी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंगसोबत 1949 मध्ये जन्ममृत्यूच्या दोन याद्या ताडून नोंदीतून सुटलेल्यांचा अंदाज काढला. या रीतीवर माझा जीव आहे. पण खूण टिकली पाहिजे आणि ती ओळखता आली पाहिजे, ही तिची अट आहे.

शेवटच्या फळीवर एक आजी बसल्या होत्या. पहिल्या फेरीत कंगवा मीच त्यांच्या हातात दिला होता.

"नाही जी, मले काहीच नाही भेटलं."

बोलताना पदर घसरला. अंबाड्यात निळा कंगवा खोचलेला होता, दोन दात तुटलेले.

मी शेजारी बसले, चहा मागवला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हो म्हणलं तं गाडीत टाकून नेसान."

मला एकदम कापरं भरलं. मासा घाबरून खूण लपवत नाही, माणूस लपवतो. आम्ही चौघांनी तिथेच आठवून पाहिलं: "नाही" म्हणणाऱ्यांत आजींसकट 5 चेहरे नक्की ओळखीचे होते. 10 चे 15 झाले की 300 चे 200 होतात. ब्लँकेटं आणि निवाऱ्यातल्या खाटा याच आकड्यावर मागायच्या होत्या. प्रश्न विचारण्याआधी आम्ही कोण, कशाला आलो, हे नीट सांगितलंच नव्हतं. ही चूक माझी.

"मले मोजून काय करसान?" आजींनी विचारलं. मी खाटांचं सांगितलं. त्यांनी कंगवा काढून माझ्यापुढे धरला. मी तो परत त्यांच्या मुठीत ठेवला.

फॉर्मवर त्यांचं "नाही" तसंच राहू दिलं. शेजारी त्यांना विचारून लिहिलं: कंगवा केसांत पाहिला.