सोलमधला खोटा निरोप

२१ सप्टेंबर २०१७, गुरुवार. दक्षिण कोरियातल्या काही अमेरिकन सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मोबाइलवर, फेसबुकवर त्या दिवशी एक निरोप येऊन पडला. सैनिकांच्या कुटुंबांना देशाबाहेर काढायचा, स्थलांतराचा हुकूम निघाला आहे, हा सराव नव्हे. निरोप धादांत खोटा होता. पण तो खोटा आहे हे कळेपर्यंतचा वेळ ज्यांनी लहान मुलं कडेवर घेऊन काढला, त्यांच्यापुरता तो खराच होता.

मी तेव्हा सोलमधल्या अमेरिकन सैन्याच्या योंगसान तळावर कुटुंबांसाठीच्या सेवा केंद्रात काम करत होते. बदलून आलेल्या कुटुंबाला शाळा, दवाखाना, बस दाखवायची. नवरा सरावाला बाहेर गेला की मागे राहिलेल्या बायकोची विचारपूस करायची. आणि वर्षातून दोनदा स्थलांतराचा सराव व्हायचा, त्याआधी लोकांच्या मागे लागून कागदपत्रं पुरी करून घ्यायची. माझं माहेर देवळाली कॅम्पातलं, वडील तोफखान्यात होते. बदल्या, ट्रंका, क्वार्टर यांत मी वाढले. तरी परदेशातल्या तळाची गोष्ट निराळी असते. देवळालीत आईला काही दुखलंखुपलं, तर मामा रात्रीच्या गाडीने निघून सकाळी नाशिकरोडला उतरलेला असायचा. सोलमध्ये एकोणीस-वीस वर्षांची मुलगी तान्हं मूल घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहते, शेजारणीची भाषा तिला येत नाही, आणि नवऱ्याचा फोन मैदानावर बंद असतो.

ते वर्षच धास्तीचं होतं. जुलैत उत्तर कोरियाने आंतरखंडीय क्षेपणास्त्र उडवलं. ३ सप्टेंबरला सहावी अणुचाचणी केली. १५ तारखेला एक क्षेपणास्त्र जपानच्या होक्काइडोवरून पलीकडे समुद्रात टाकलं. १९ तारखेला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रांत उत्तर कोरिया पार नष्ट करण्याची भाषा केली. सीमा सोलपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. देशात सुमारे २८,५०० अमेरिकन सैनिक, शिवाय त्यांची बायकामुलं. माझी आई रोज फोन करायची, ‘‘टीव्हीवर काय दाखवतायत बघितलंस का? मुलांना घे आणि सरळ निघून ये.’’ कोरियन लोक शांतपणे कामावर जात होते, पुढच्या महिन्यातल्या छुसक सणाची खरेदी करत होते. हे सांगूनही आईला पटत नसे, आणि तिचं मला चुकीचं वाटत नसे.

खरा हुकूम कसा येतो, हे सांगायला हवं. नागरिकांना देशाबाहेर काढायचं की नाही, हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं आणि दूतावास ठरवतात; ते पार पाडण्याचं काम सैन्याकडे असतं. प्रत्येक तुकडीत एक वॉर्डन नेमलेला असतो. आपल्या तुकडीतली कुटुंबं कुठे राहतात, घरात किती माणसं, कुणाला औषध चालू आहे, कोण गरोदर आहे, ही यादी त्याच्याकडे. निरोप आला की तो एकेका घरी फोन करतो, लागला नाही तर दार वाजवतो. मग एक पिशवी घेऊन ठरल्या जागी जायचं. पिशवीत पासपोर्ट, भरलेले फॉर्म, औषधं, थोडं खाणंपिणं. तिथे मनगटाला बारकोडची पट्टी बांधतात, म्हणजे माणूस कुठल्या बसमध्ये चढला, कुठल्या विमानात बसला, हे कळत राहतं. तिथून दक्षिणेकडे, आणि पुढे जपान. २०१६ च्या नोव्हेंबरमधल्या सरावात तर काही कुटुंबांना चिनूक हेलिकॉप्टरने दक्षिणेला आणि तिथून विमानाने ओकिनावाला नेऊन आणलं होतं.

लोक सगळ्यात जास्त कशावर अडायचे माहीत आहे? कुत्र्यामांजरांवर. जपानात कुत्रं न्यायचं तर मायक्रोचिप, रेबीजच्या दोन लशी, रक्ताची तपासणी आणि त्यानंतर १८० दिवसांची वाट, असा नियम आहे. म्हणून आल्या आल्या पहिल्या आठवड्यातच कुत्र्याचं रक्त तपासायला पाठवा, असा धोशा मी लावायची.

त्या दिवशी फोन वाजायला लागले तेव्हा बहुतेकांना माझा एकच प्रश्न होता : तुमच्या वॉर्डनचा फोन आला का? नाही? मग जागेवरून हलू नका, मी खात्री करून सांगते. एवढ्यावर माणूस सावरायचा. कारण वॉर्डनचा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता, सरावात दोनदा तरी भेटलेला होता.

एक फोन मात्र वेगळा होता. बाई फिलिपिनी होती, नवरा साधा सैनिक, तुकडीबरोबर उत्तरेकडे गोळीबाराच्या सरावाला गेलेला. मागे मुलगा रडत होता. ती जिन्यातूनच बोलत होती. ‘‘मॅम, मी कुठे येऊ? टॅक्सीने विमानतळावर जाऊ का?’’ मी नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, ‘‘वॉर्डन म्हणजे कोण?’’

तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. याचं कारण सैन्यातल्या लोकांना ठाऊक असतं, बाहेरच्यांना सांगावं लागतं. काही नेमणुका कुटुंबासह मंजूर होतात. तिथे घर, शाळा, नोंद सगळं ओघाने होतं. काही एकट्याच्या असतात. तरी लग्न नवं असतं, मूल लहान असतं, म्हणून जोडपी स्वतःच्या खर्चाने एकत्र राहतात आणि तळाबाहेर भाड्याची खोली घेतात. खरी वेळ आली तर अशा बायकामुलांनाही बाहेर काढायचंच असतं, हे नियमात आहे. पण ती इथे आहेत हे नवऱ्याने तुकडीला कळवलं नाही, किंवा कळवूनही कुणी लिहून घेतलं नाही, तर दार वाजवणाऱ्याला त्यांचं दार माहीतच नसतं.

मी तिला म्हटलं, ‘‘वर जा, मुलांना काहीतरी खायला द्या. मी येतेय.’’ आमच्या वरिष्ठ बाईंना सांगितलं, त्यांनी लगेच सोडलं. तोपर्यंत अमेरिकन सैन्याच्या कोरियातल्या मुख्यालयाने निरोप खोटा असल्याचं जाहीर केलं होतं : असा कुठलाही हुकूम निघालेला नाही, त्या निरोपातल्या दुव्यांवर जाऊ नका, आला असेल तर कळवा. मी टॅक्सीतूनच तिला फोन करून हे सांगितलं. ती ‘हो’ म्हणाली, पण मी गेले तेव्हा पिशवी दारातच होती आणि मुलांच्या पायात बूट होते.

घर हेबांगचोनमध्ये. नामसान टेकडीच्या पायथ्याची ही चढणीची वस्ती तळाला अगदी लागून आहे. १९४५ नंतर उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी ती वसवली. घरमालकीण म्हातारी कोरियन आजी होती. ती जिन्यात एका पायरीवर बसून होती, मांडीवर धाकटी मुलगी. आजीला आणि त्या बाईला एकमेकींचा शब्द कळत नव्हता. पण काहीतरी बिनसलंय एवढं ओळखून आजी वर आली होती. त्या जिन्यातली खरी वॉर्डन तीच, असं मला त्या क्षणी वाटलं.

पिशवी आम्ही दोघींनी जमिनीवर रिकामी केली. डायपर, दुधाची पावडर, तिचा फिलिपिनी पासपोर्ट, मुलांचे अमेरिकन पासपोर्ट, प्लॅस्टिकमध्ये घातलेला लग्नाचा दाखला, आणि तांदळाची एक किलोची पुडी. घाबरलेल्या हातांनीही तिने बरंच नेमकं भरलं होतं. नव्हते ते फॉर्म आणि मोठ्याच्या दम्याचा पंप. पंप उशाशी राहिला होता. मी तो आणून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात घालायला सांगितला, म्हणजे अंधारातही हाताला लागेल.

मग फॉर्म भरायला बसलो. नावं, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक भराभर झालं. अमेरिकेत पोचल्यावर कुठे जाणार, कुणाला कळवायचं, या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. सासरचं कुणी तिने पाहिलेलंच नव्हतं. सासूचा पत्ता ठाऊक नव्हता, नुसतं राज्याचं नाव माहीत होतं. बराच वेळ ती त्या रिकाम्या ओळीकडे बघत राहिली. दुपारभर तिने डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. ते इथे आलं. मी काहीच बोलले नाही, चहा टाकला. संध्याकाळी नवऱ्याचा फोन लागला. त्याने आधी आईला फोन केला, मग तिघं एकदम लाइनवर आली. सासूने पत्ता एकेक अक्षर सांगत दिला आणि शेवटी नातवाशी बोलायला मागितलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या तुकडीतला वॉर्डन मला घेऊन त्या घरी गेला. तरुण सार्जंट होता. तो दारातल्या चपला मोजत होता, आणि मला तो लगेच आवडला. त्याने घरमालकीणबाईंचाही फोन नंबर घेतला, कोरियन येणाऱ्या सहकाऱ्याकडून त्यांच्याशी बोलून. ऑक्टोबरअखेरीच्या सरावाला ही बाई दोन्ही मुलं घेऊन आली, मनगटाला पट्ट्या बांधून घेतल्या. येताना त्याच चढणीवरच्या आणखी दोघींना घेऊन आली. त्यांचीही नावं कुठे नव्हती.

तो निरोप कुणी पाठवला यापेक्षा मला आजही याचीच काळजी वाटते. खोट्या निरोपाला खात्रीच्या माणसाचा आवाज हाच उतारा आहे, आणि ज्यांच्याकडे तो आवाज पोचत नाही त्या बायका तळाच्या भिंतीबाहेर, भाड्याच्या खोल्यांत असतात. पुढच्या वर्षी मुख्यालय सोलच्या दक्षिणेला प्योंगतेकच्या कॅम्प हम्फ्रीज या तळावर गेलं, बरीच कुटुंबंही तिकडे हलली. हेबांगचोनची आमची हाताने केलेली यादी मी नव्या केंद्रातल्या सहकारणीकडे दिली. नव्या येणाऱ्या प्रत्येकीला घराचा पत्ता विचारून झाला की मी आणखी एक प्रश्न विचारायची : तुमच्या इमारतीत आपल्यापैकी अजून कोण राहतं? बहुतेक वेळा एखादं तरी नाव निघायचं.