मसाला कांडप आणि पीएमईजीपी: अर्ज भरताना आलेला अनुभव

मसाला कांडपाचा उद्योग काढू पाहणाऱ्या गावातल्या बायकांबरोबर पीएमईजीपीचा, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम या कर्ज-अनुदान योजनेचा, अर्ज भरायला बसलं की पहिली अडचण नावाची येते. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. नावं जुळली नाहीत की काम तिथेच अडतं. म्हणून मी आधी विवाह नोंदणीचा दाखला काढून पॅन दुरुस्त करून घ्यायला सांगते. मग जागा. शेड बहुतेक वेळा सासऱ्यांच्या नावावर असते. घरपट्टीच्या उताऱ्यासोबत त्यांचं संमतीपत्र आधीच जोडलं तर बँकेची एक फेरी वाचते. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा हप्ता थकलेला असेल तर तो अर्जाआधी भरून टाकावा, सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, तो दिसतोच.

पैशाचं गणित मात्र कागदावर मांडूनच समजवावं लागतं. ग्रामीण भागात महिलांना अनुदान ३५ टक्के, शहरात २५. स्वतःचा वाटा ५ टक्के. गावातला ४ लाखांचा प्रकल्प धरा: २० हजार तिचे, ३ लाख ८० हजार बँकेचे, अनुदान १ लाख ४० हजार. हे अनुदान हातात येत नाही. ३ वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं, त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. प्रत्यक्ष पाहणी झाल्यावर ते कर्जात वळतं होतं. ‘अनुदान आलं की हप्ते फेडू’ म्हणणारी बाई पहिल्या वर्षातच अडचणीत येते.

सगळ्यात जास्त चूक होते ती खेळत्या भांडवलात. मशीन विकणारा कांडपाचा डंका, दळायचा पल्वरायझर, पॅकिंग मशीन असं सगळं कोटेशनमध्ये घालतो आणि मिरचीला पैसे उरत नाहीत. मी ४ लाखांपैकी १ लाख ६० हजार भांडवलाला ठेवायला सांगते. वर्षाची मिरची फेब्रुवारी ते मे एवढ्यातच घ्यावी लागते. देठं काढली, उन्हात कडकडीत वाळवली की वजन घटतं. भाव ठरवताना ही घट धरली नाही तर प्रत्येक किलोला तोटा. ओलसर मिरची डंक्यात चिकटते, मसाल्याला जाळी धरते.

मिरचीच्या हंगामात पैसे हातात हवेत म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारास करावा. कर्ज जूनमध्ये हातात आलं तर मशीन बसतं, पण मिरची महागलेली असते आणि वाळवायला ऊन नसतं. हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी पहिलं वर्ष लोकांचा मसाला मजुरीवर कांडून काढावं, त्याला माल भरावा लागत नाही.

थ्री-फेज वीजजोडणीचा अर्ज कर्ज मंजूर होण्याची वाट न पाहता द्यावा. उद्योजकता प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल तर अनुदानाचा दावा रखडतो, तेही लगेच करून घ्यावं. मशीनची जीएसटी बिलं ३ वर्षं जपायची. पाहणीला येणारा माणूस मशीन चालू आहे का आणि बिलाशी जुळतं का, हेच पाहतो.