पहाटे पाचनंतरची झोप

पुण्यातील एका रुग्णालयाच्या झोप-तपासणी विभागात मी अकरा वर्षे रात्रपाळीची टेक्निशियन म्हणून काम करते आहे. ज्या बाईंविषयी लिहीत आहे त्यांची तपासणी होऊन सात महिने झाले आणि त्यांचे उपचारही सुरू झाले, तरी त्या पहाटेचे दोन तास माझ्या मनातून जात नाहीत. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई सातारा जिल्ह्यातील एका गावात प्राथमिक शिक्षिका होत्या, वय ५४. सोबत सून आली होती. सकाळी उठल्यावर डोके जड होणे, तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब न उतरणे आणि दिवसभराचा थकवा या त्यांच्या तक्रारी कागदावर होत्या. झोपेत घशाची वाट मिटून श्वास पुन्हापुन्हा अडतो का, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया आहे का, हे आम्हाला पाहायचे होते; घोरणे ही त्याची एक खूण. कागदावर नसलेली, पण त्यांना सर्वांत लागलेली गोष्ट म्हणजे हजेरी घेताना मुलांची नावे आठवेनाशी झाली होती. घोरता का, या प्रश्नाला त्यांनी सुनेसमोर नाही म्हटले. सून खाली चहाला गेल्यावर मात्र त्या हळूच म्हणाल्या, "ताई, घोरते मी. दहा वर्षांत कुणाच्या लग्नाला मुक्कामाला गेले नाही त्यापायी." घोरणाऱ्या पुरुषाला त्याची बायको आमच्याकडे घेऊन येते, घोरणारी बाई ते लपवत राहते आणि तिच्या थकव्याला सगळे मिळून 'टेन्शन' हे नाव देतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचा राग येतो. बाईंच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी केलेल्या अशाच तपासणीचा अहवाल होता. त्यावर 'नॉर्मल' असा शेरा होता, आणि त्यानंतर त्यांना झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.

इलेक्ट्रोड लावायला मला पाऊण तास लागतो आणि त्यात मी घाई करत नाही. नाकाच्या वरच्या खोबणीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने अंतर मोजायचे, त्याच्या दहा आणि वीस टक्क्यांवर खुणा करायच्या, त्या जागेची त्वचा घासून स्वच्छ करायची, मग पेस्ट भरून तार चिकटवायची आणि प्रत्येक तारेचा रोध पाच किलोओहमच्या खाली आला की नाही हे पाहायचे. डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीखाली आणि पोटऱ्यांवर वेगळ्या तारा, नाकाशी श्वासाची नळी, छातीला व पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. केस धुऊन, तेल न लावता या, असे आम्ही फोनवर सांगतो. पण मोठ्या दवाखान्यात जायचे म्हणून बाई चापूनचोपून खोबरेल लावून, वेणी घालून आल्या होत्या. तेलावर पेस्ट धरत नाही. प्रत्येक खुणेपाशी केसांत भांग पाडून स्पिरिटने तेल काढता काढता साडेदहा वाजले, तेव्हा दिवा मालवला.

झोप सुमारे दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते, आणि या फेऱ्या एकसारख्या नसतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते; मेंदूच्या लाटा संथ आणि उंच होतात, वाढीच्या संप्रेरकाचा मोठा भाग त्याच वेळी रक्तात येतो. रेम झोप, म्हणजे जिच्यात पापण्यांआड डोळे झरझर हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात ती, पहिल्या फेरीत जेमतेम काही मिनिटे येते आणि पहाटेकडे लांबत जाते. शिकागो विद्यापीठातल्या आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तिची नोंद प्रसिद्ध केली. या झोपेत डोळे आणि श्वासपटल सोडले तर शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात. पडद्यावर हनुवटीची रेघ एकदम सपाट होते. घशाचे स्नायूही त्यातच आले. ज्यांची श्वासाची वाट मुळात अरुंद आहे, त्यांची वाट मिटण्याचा धोका म्हणूनच रेममध्ये सर्वांत जास्त असतो, आणि केवळ रेममध्येच श्वास अडण्याचा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक दिसतो.

रात्री दोनच्या सुमारास, बाई शांत झोपलेल्या असताना, मी त्यांचा जुना अहवाल नीट वाचला. रेम झोप: ९ मिनिटे. तपासणी समाप्त: पहाटे ४ वाजून ५० मिनिटे. त्या दोन ओळी मी तीनदा वाचल्या. प्रौढ माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा हिस्सा ते पाव भाग रेमचा असतो. इथे जिथे आजार असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो भाग तपासला गेलाच नव्हता आणि त्यावर 'नॉर्मल' लिहिले होते.

आमच्याही विभागात रुग्णाला पाचला उठवण्याची पद्धत होती. तारा काढणे, डोके धुणे, यंत्रे पुसणे आणि सातला खोली बाह्यरुग्ण विभागाच्या ताब्यात देणे, या वेळापत्रकाचा आजाराशी काहीही संबंध नव्हता. त्या पहाटे पाच वाजता मी पडद्यावरचे आकडे मांडले. नवी जागा, अंगभर तारा, त्यामुळे बाई मधूनमधून जाग्या होत्या. प्रत्यक्ष झोप २८५ मिनिटे, त्यात रेम २१ मिनिटे आणि श्वास थांबण्याचे किंवा मंदावण्याचे एकूण २२ प्रसंग. म्हणजे तासाला ४.६. पाचच्या खाली असेल तर आम्ही नॉर्मल धरतो. मी त्यांना उठवले असते, तर दुसऱ्यांदा तोच शेरा पडला असता.

मी उठवले नाही. सव्वापाचच्या सुमारास हनुवटीची रेघ सपाट झाली, डोळ्यांच्या रेघा उसळू लागल्या आणि थोड्याच वेळात नाकातल्या हवेची रेघ आडवी झाली. छाती आणि पोट एकमेकांच्या उलट हलत होते, म्हणजे शरीर श्वास ओढत होते आणि वाट बंद होती. सर्वांत लांब प्रसंग ६२ सेकंदांचा होता. ऑक्सिजन ७६ टक्क्यांपर्यंत उतरला. दर वेळी मेंदू दचकून जागा होई, नाडी उसळे, श्वास सुटे आणि पुन्हा तेच सुरू होई. निरोगी झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के खाली येतो. या बाईंच्या शरीराला मात्र रोज पहाटे गुदमरून धडपडावे लागत होते, आणि सकाळचे जड डोके घेऊन त्या हजेरीपटासमोर उभ्या राहत होत्या. ६ वाजून ५० मिनिटांनी त्या आपणहून उठल्या. पूर्ण रात्रीची रेम झोप ७२ मिनिटे भरली, त्यात ५४ प्रसंग. म्हणजे रेममध्ये तासाला ४५. सगळ्या रात्रीची सरासरी मात्र साडेदहाच्या आसपासच येत होती, जिला नियमाप्रमाणे सौम्य म्हणावे लागते. सरासरीने इतकी मोठी गोष्ट झाकून टाकावी, हे मला अजूनही मान्य होत नाही.

खोली उशिरा दिली म्हणून वरिष्ठांनी मला सर्वांसमोर सुनावले. डॉक्टरांनी मात्र रेमचे आकडे पाहून महिनाभरात सीपॅप यंत्र, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र, सुरू केले. ते रोज चार तास वापरले तरी वापर पुरेसा मानण्याचा प्रघात आहे. पण पहिल्या चार तासांनंतर मुखवटा काढून ठेवला, तर बाईंची जवळजवळ सगळी रेम झोप उघडी पडेल. हे मी सुनेला घड्याळ काढून, फेऱ्या बोटांवर मोजून समजावले. आता आमच्याकडे खोली आठला देण्याचे ठरले आहे, तेही चार अर्ज केल्यावर.

पण त्याआधीच्या अकरा वर्षांत पाचला मी स्वतः किती जणांना उठवले? जुन्या नोंदी डिस्कवर आहेत. डॉक्टरांच्या परवानगीने मी सुट्टीच्या दिवशी त्या उघडते आणि 'नॉर्मल' शेरा असलेल्या अहवालांत रेमची मिनिटे शोधते. आतापर्यंत दोन वर्षांच्या नोंदी पाहून झाल्या. पंधरा मिनिटांपेक्षा कमी रेम असलेल्या सहा स्त्रिया सापडल्या. चौघींना फोन लागला, त्यांतल्या तिघी पुन्हा तपासणीला यायला तयार झाल्या. उरलेल्या दोघींचे नंबर आता बंद आहेत. त्यांच्या केसपेपरवर फक्त गावाचे नाव आहे.