अभिवृत्ती मोजायची तर आधी विधानं घासा

'मुलांना मराठी यायला हवं का?' असं बडोद्यात, दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरी विचारलं तर उत्तर बहुधा 'हो तर!' असंच मिळेल. सगळे एकच बोलले की मोजायला काही उरत नाही. अभिवृत्ती, म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दलचा अनुकूल किंवा प्रतिकूल कल, मोजताना लागतो तो उत्तरांमधला फरक.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी 1928च्या सुमारास परीक्षकांकडून विधानांचे, अगदी प्रतिकूल ते अगदी अनुकूल असे, 11 गठ्ठे करून घेतले. पद्धत चोख, पण वेळखाऊ. दुसरे मानसशास्त्रज्ञ लिकर्ट यांनी 1932मध्ये परीक्षक वगळले आणि 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा पाच पायऱ्यांवर (गुण 5 ते 1) उत्तर देणाऱ्यांनाच खूण करायला लावली.

खरी मेहनत विधानांत आहे. 20 हवी असतील तर 40 लिहा. 'घरी मराठी बोलावं आणि मराठी पुस्तकं आणावीत' हे बाद, कारण सहमती कशाला ते कळत नाही. 'मराठी शिकू नये असं मला वाटत नाही' याला 'असहमत' म्हणणाऱ्याचं मत सांगून दाखवा बघू! साधारण निम्मी विधानं उलट्या बाजूची ठेवा: 'मराठी आलं नाही तरी मुलांचं काही अडत नाही.' नाहीतर सगळ्यालाच मान डोलावणारा माणूस मराठीचा कट्टर अभिमानी ठरतो. अशा विधानांचे गुण 6मधून वजा करायचे. हे राहून गेलं की त्या विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध ऋण येतो (एक वाढलं की दुसरं घटतं) आणि क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे सगळी विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, कोसळतो. विधान टाकून देण्याआधी हेच तपासा. गुण उलटवूनही सहसंबंध 0.30च्या खाली असेल, तर मात्र काढा. अल्फा 0.70च्या वर असला की लोक खूश होतात, 0.95च्या वर गेला तर एकच वाक्य फिरवून फिरवून लिहिलंय का, ते पाहावं.

'तटस्थ' आणि 'माहीत नाही' यांचे रकाने वेगळे हवेत. गुजराती माध्यमात शिकलेल्या पालकांसाठी गुजराती प्रतही ठेवा आणि ती दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून ताडून घ्या. मंडळातल्या ओळखीच्या काकूंना फॉर्म भरून घ्यायला पाठवू नका, त्यांच्यासमोर सगळेच मराठीप्रेमी! नाव न लिहिता, बंद पाकिटात घ्या.

एवढं करूनही मत आणि वागणं जुळेलच असं नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लापिएर यांचा 1934चा लेख प्रसिद्ध आहे. एका चिनी जोडप्याबरोबर ते अमेरिकाभर फिरले. 251 हॉटेलं-उपाहारगृहांपैकी एकानेच नकार दिला. नंतर पत्राने विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी पाहुणे घेणार नाही म्हणून कळवलं. पत्रात प्रश्न 'चिनी लोकां'बद्दल होता, दारात मात्र नीटनेटकं जोडपं उभं होतं. म्हणून घरातलं बोलणं जाणून घ्यायचं असेल तर 'मराठी भाषे'बद्दल मोघम विचारू नका. जेवताना मुलांशी मराठीत बोलण्याबद्दलच विचारा.