फोन उघडताना पंच कोण?

आज पीएचडीसाठी एका निवृत्त फौजदारकाकांना भेटले. विचारलं, मोबाईल जप्त केला की पहिलं काय करायचात? "पासवर्ड विचारायचा, दुसरं काय!" माझं पेन थांबलं. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम २०(३) मी तीन वर्षं घोकतेय!

१ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय. पण फोनमधल्या बायकोच्या, मित्रांच्या, डॉक्टरांच्या मेसेजचं काय? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर तपासाला चांगलीच सूट आहे. काका म्हणाले, "पोरी, कपाट उघडायचो तेव्हा शेजारी साक्षीला दोन पंच तरी उभे असायचे."

चहा केव्हाच गार झाला होता. हे वाक्य प्रबंधाच्या कुठल्या प्रकरणात बसवू, कळेना.